ब्राउझर आणि फायरवॉल : वारंवार येणाऱ्या इशाऱ्यांविषयी

संगणकावर ब्राउझर उघडताच फायरवॉलची एक लहानशी चौकट पडद्यावर यावी, तिच्यात ब्राउझरचे नाव, दोन-तीन दुर्बोध संज्ञा आणि खाली 'अलाऊ' व 'कॅन्सल' अशी दोन बटणे असावीत, आणि आज बंद केलेली ही चौकट परवा किंवा पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर व्हावी, हा अनुभव इतका सार्वत्रिक झाला आहे की त्याविषयी आता कोणी विशेष तक्रारही करीत नाही. तक्रार होत नाही म्हणून शंका फिटली असे मात्र नाही. कित्येक गृहस्थ कामाच्या घाईत 'अलाऊ' दाबून मोकळे होतात. कित्येक जण यंत्रात कोणी तरी शिरले या धास्तीने संगणकच बंद करतात. आणि उरलेले एखाद्या जाणत्या भाच्याला पाचारण करतात, जो येऊन, चहा घेऊन, फायरवॉलच कायमची बंद करून जातो. यांतला तिसरा उपाय सर्वांत वाईट होय, कारण त्याने इशारा थांबतो व त्याबरोबर पहाराही उठतो. पहिल्या दोन उपायांत एवढाच दोष आहे की प्रश्न काय होता हे न वाचताच त्यांत उत्तर दिले जाते. फायरवॉलचा इशारा हा एक प्रश्न असतो, आणि तो पुनःपुन्हा विचारला जातो याचे कारण बहुधा असे की, पहिल्या वेळचे उत्तर दप्तरी नीट रुजू झालेले नसते, अथवा ते ज्याच्या नावे रुजू झाले त्याची ओळख मधल्या काळात बदललेली असते. हा प्रश्न नेमका कसला, त्यास काय उत्तर द्यावे आणि दिलेले उत्तर टिकावे कसे, एवढ्यापुरताच या लेखाचा प्रपंच आहे.

घरगुती संगणकावर हा पहारा बसला त्यालाही एक इतिहास आहे. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, आपणहून पसरणाऱ्या प्रोग्रामने त्या वेळच्या इंटरनेटवरील हजारो यंत्रे ठप्प केली आणि संस्थांच्या जाळ्यांना बाहेरून कुंपण असावे हा विचार बळावला. घरातले यंत्र मात्र पुढची पंधरा वर्षे जवळजवळ उघडेच राहिले. विंडोज एक्सपीत २००१ पासून फायरवॉल होती, पण ती बंद स्थितीत दिली जात असे. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म १३५ क्रमांकाच्या पोर्टवाटे (पोर्ट म्हणजे यंत्राचे जाळ्याकडील क्रमांकित दार), वापरणाऱ्याने काहीही उघडले वा दाबले नसताना, केवळ यंत्र इंटरनेटला जोडलेले आहे एवढ्याच भांडवलावर आत शिरू लागला, तेव्हा कुठे उत्पादकांची खात्री पटली, आणि ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून फायरवॉल आपोआप सुरू असण्याचा शिरस्ता पडला. धोका बाहेरून आत येणाऱ्याचा होता, सबब पहाराही मुख्यतः त्याच दिशेचा बसला. पुढील सर्व विवेचनाची किल्ली या दिशेत आहे.

विंडोजची फायरवॉल मूळच्या नियमांप्रमाणे आतून बाहेर जाणाऱ्यास अडवीत नाही. बाहेरून आत येणाऱ्यास मात्र, तो आतल्या कोणी बोलावलेला नसेल तर, मज्जाव करते. वेशीवरचा चौकीदार सकाळी बाजारास गेलेल्या गावकऱ्याची नोंद ठेवतो आणि संध्याकाळी त्याच्या नावाने आलेली मालाची गाडी चौकशीवाचून आत सोडतो, पण ज्याच्या येण्याची वर्दी कोणीच दिलेली नाही अशा इसमास वेशीबाहेर थोपवितो, तसाच हा व्यवहार आहे. आपण वर्तमानपत्राचे पान मागितले की ब्राउझर त्या संस्थेच्या यंत्राकडे ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर विनंती धाडतो, फायरवॉल त्या जोडणीची नोंद करते आणि परत येणारे उत्तर त्या नोंदीच्या आधारे आत येते. म्हणजे बातम्या वाचणे, रेल्वेचे तिकीट काढणे, वीजबिल भरणे, बँकेचे खाते पाहणे, ही ब्राउझरची सारी नित्याची कामे आत येण्याचा कोणताही वेगळा परवाना न देता निर्वेध चालतात. ही एक गोष्ट मनात पक्की असली म्हणजे 'कॅन्सल' दाबले तर इंटरनेट बंद पडेल ही भीती उरत नाही. आणि बहुसंख्य लोक 'अलाऊ' दाबतात ते या भीतीपोटीच.

मग ज्याचा सारा व्यवसाय बाहेर जाण्याचा, त्या ब्राउझरला आतल्या बाजूस दार कशाला हवे असते? याचे सर्वांत सामान्य कारण दूरदर्शन संच हे आहे, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. क्रोम आणि त्याच पायावर उभारलेले एजसारखे ब्राउझर, पडद्यावरचे चित्र घरातील टीव्हीवर धाडता यावे म्हणून, घरच्या जाळ्यात अशी सोय असलेले एखादे उपकरण आहे काय याचा शोध घेत असतात. हा शोध एमडीएनएस नावाच्या पद्धतीने होतो. ब्राउझर २२४.०.०.२५१ या सामुदायिक पत्त्यावर, ५३५३ क्रमांकाच्या यूडीपी पोर्टवर (टीसीपी व यूडीपी या माहिती धाडण्याच्या दोन रीती होत), 'येथे कोणी आहे काय' अशी हाक घालतो आणि जबाब ऐकण्यासाठी स्वतःही त्याच पोर्टवर कान लावून बसतो. काही वेळा २३९.२५५.२५५.२५० हा पत्ता आणि १९०० हा पोर्ट दिसतो. तीही शोधाची दुसरी एक जुनी रीत आहे. हे पत्ते पाहून 'कोणत्या तरी परदेशी यंत्राशी संबंध आला' असा तर्क करणारे लोक आढळतात, परंतु २२४.०.० ने आरंभ होणाऱ्या पत्त्यावरची हाक राउटर पुढे जाऊच देत नाही. ती घरच्या जाळ्यातच घुमते व तिथेच विरते.

आता फायरवॉलच्या बाजूने विचार करू. ब्राउझर बाहेर जातो आहे तोवर तिची हरकत नव्हती. पण ज्या क्षणी तो एखाद्या पोर्टवर कान लावून बसतो, त्या क्षणी कोणीही न बोलावता त्याच्याशी बोलू शकेल अशी स्थिती उत्पन्न होते, आणि या प्रकाराची आगाऊ मुभा दप्तरात नसेल तर ती आपल्याला विचारते. संपूर्ण यंत्रासाठी, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, क्रोम बसविला असेल तर बसवितानाच 'गूगल क्रोम (एमडीएनएस-इन)' या नावाचा नियम दप्तरी दाखल होतो आणि चौकट सहसा येत नाही. परंतु कचेरीतील एखाद्या कारकुनाने स्वतःच्या खात्यापुरताच ब्राउझर उतरवून घेतला असेल तर तो त्याच्या वैयक्तिक 'ॲपडेटा' फोल्डरात जाऊन बसतो, प्रशासकाचा अखत्यार नसल्यामुळे नियम नोंदविला जात नाही, आणि पहिल्या हाकेलाच इशारा उभा राहतो. याखेरीज ब्राउझरमधून होणारे दृक्श्राव्य संभाषणही थेट यंत्रा-यंत्रांमधला मार्ग शोधण्यासाठी यूडीपीचे पोर्ट उघडते, आणि ऐन सभेच्या आरंभी चौकट येण्याचे ते एक कारण असते. अशा वेळी नकार दिला तरी संभाषण बहुधा मधल्या सर्व्हरमार्फत चालू राहते.

तर उत्तर काय द्यावे? माझे मत स्पष्ट आहे: ज्यास ब्राउझरमधून टीव्हीवर चित्र धाडावयाचे नाही त्याने बिनदिक्कत 'कॅन्सल' करावे, त्याचे काहीही अडणार नाही. ज्यास ती सोय हवी आहे त्याने घरच्या जाळ्यापुरती, म्हणजे 'प्रायव्हेट' या सदराखाली, मुभा द्यावी आणि 'पब्लिक' या सदराची खूण काढून टाकावी. रेल्वे स्थानक, उपाहारगृह, वसतिगृह, रुग्णालयाची प्रतीक्षाशाला, अशा ठिकाणच्या वायफायवर आपल्या शेजारी कोण बसले आहे हे आपल्याला ठाऊक नसते, आणि तिथे ब्राउझरने कोणाची हाक ऐकावी अशी गरजही नसते. चौकटीची मांडणी आणि शब्द विंडोजच्या आवृत्तीप्रमाणे बदलत आले आहेत. दोन सदरांतला भेद मात्र कायम आहे. पुष्कळ घरांत स्वतःचेच वायफाय चुकून 'पब्लिक' म्हणून नोंदलेले असते, आणि मग घरी दिलेली 'प्रायव्हेट'ची मुभा लागूच पडत नाही. ती नोंद नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये एकदा पाहून घ्यावी.

इशारा पुनःपुन्हा का येतो, हा या प्रकरणातला खरा पेच आहे. वास्तविक विंडोजवर, प्रशासकाच्या खात्यातून 'कॅन्सल' दाबले तरी ते उत्तर वाया जात नाही. त्या प्रोग्रामच्या नावे बहुधा दोन मनाई-नियम, एक टीसीपीचा व एक यूडीपीचा, दप्तरी दाखल होतात, आणि त्या प्रोग्रामविषयी तोच प्रश्न पुन्हा पडू नये अशी योजना असते. तरीही तो पडतो, याचा अर्थ फायरवॉलच्या लेखी हा प्रोग्राम नवा आहे. नियम ब्राउझरच्या लोकप्रिय नावाने नोंदलेला नसतो. तो डिस्कवरील फाइलच्या संपूर्ण मार्गाने नोंदलेला असतो. ब्राउझर एका फोल्डरातून दुसऱ्यात हलविला, पेन ड्राइव्हवरून चालवला आणि त्या ड्राइव्हला आज एक अक्षर तर उद्या दुसरे मिळाले, किंवा वैयक्तिक खात्यातली प्रत काढून यंत्रासाठीची प्रत बसविली, की जुना नियम जुन्या पत्त्यावर तसाच पडून राहतो आणि नव्या पत्त्यासाठी नवी विचारणा होते. याचा एक ठळक दाखला एज वेबव्ह्यू २ हा आहे. अनेक निरनिराळे प्रोग्राम आपल्या खिडकीत वेबपान दाखविण्यासाठी हा ब्राउझरचा गाभा वापरतात, आणि त्याच्या फाइलच्या मार्गात आवृत्तीचा क्रमांकच अंतर्भूत असतो; आवृत्ती बदलली की मार्ग बदलतो, मार्ग बदलला की ओळख बदलते, आणि ज्याने कधी एज उघडलेही नाही अशा मनुष्यास 'एज वेबव्ह्यू'विषयी इशारा आला म्हणजे तो साहजिकच चक्रावतो.

ज्यांनी विंडोजच्या फायरवॉलऐवजी अन्य कंपनीची फायरवॉल बसविली आहे त्यांचा ताप याहून अधिक असतो, कारण त्यांपैकी कित्येक फायरवॉल मार्गाबरोबर फाइलचा अंगठाही, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेली गणिती खूण, ताडून पाहतात. फायरफॉक्स २०२० पासून आणि क्रोम २०२१ पासून दर चार आठवड्यांनी नवी मुख्य आवृत्ती काढू लागले. क्रोममध्ये तर २०२३ पासून मधल्या आठवड्यांतही सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात. दर दुरुस्तीबरोबर अंगठा बदलणार आणि दर बदलाबरोबर चौकशी होणार, हे ओघानेच आले. या जातीच्या फायरवॉलमध्ये 'विश्वासू स्वाक्षरीकर्त्याच्या प्रोग्रामास पुन्हा विचारू नये' अशा अर्थाची तजवीज सहसा असते. ती सुरू करणे हा योग्य उपाय होय. ब्राउझरची दुरुस्तीच बंद करणे, जो सल्ला क्वचित ऐकू येतो, तो मात्र सर्वस्वी अनिष्ट आहे. आजच्या काळात जुन्या ब्राउझरइतका मोठा धोका फायरवॉलच्या कोणत्याही उणिवेत नाही.

मॅकवर याच दुखण्याचे रूप थोडे वेगळे आहे. तेथील फायरवॉल प्रोग्रामची डिजिटल स्वाक्षरी पाहते, आणि एखाद्या सफाई करणाऱ्या साधनाने किंवा अर्धवट राहिलेल्या दुरुस्तीने प्रोग्रामच्या आतल्या फाइलींत फेरफार झाला की स्वाक्षरी जुळेनाशी होते व दर वेळी विचारणा होते. ब्राउझर काढून टाकून त्याच्या मूळ संकेतस्थळावरून पुन्हा बसविणे, एवढाच याचा इलाज. २०२४ च्या सिक्वोया आवृत्तीपासून स्थानिक जाळ्यातील उपकरणे शोधण्याची परवानगी निराळी विचारली जाते, तिचा फायरवॉलशी संबंध नाही. ती 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मधील 'लोकल नेटवर्क' या सदरात पाहावी.

विंडोजवर दप्तर तपासावयाचे असल्यास 'विंडोज' कळ दाबून 'डब्ल्यूएफ डॉट एमएससी' हे नाव रोमन अक्षरांत टंकावे आणि उघडलेल्या खिडकीत डावीकडे 'इनबाउंड रूल्स' निवडावे. नियमांची यादी नावाप्रमाणे लावली की एकाच ब्राउझरच्या नावे साचलेल्या नोंदी एकत्र दिसू लागतात. काहींवर हिरवी खूण, काहींवर मनाईची लाल, आणि उघडून पाहिल्यास कित्येकांचे मार्ग आता अस्तित्वातही नसलेल्या फोल्डरांकडे बोट दाखविणारे. येथे एक दफा लक्षात ठेवण्याजोगी आहे: एकाच प्रोग्रामविषयी मुभा व मनाई असे दोन्ही नियम असतील तर विंडोजच्या न्यायात मनाई वरचढ ठरते. मागे कधी 'कॅन्सल' दाबलेल्या मनुष्याने पुढे सावकाश मुभेचा नियम घातला आणि तरीही टीव्ही सापडत नाही, असे झाले तर दोष टीव्हीचा नसून जुन्या मनाईचा असतो. ब्राउझरच्या मृत मार्गांचे व परस्परविरोधी नियम खोडावेत, ब्राउझर पुन्हा सुरू करावा, आणि आता येणाऱ्या चौकटीस विचारपूर्वक एकदाच उत्तर द्यावे. 'रिस्टोअर डिफॉल्ट्स' हे बटण मात्र मोहक असले तरी सहसा दाबू नये. त्याने सारेच जादा नियम नाहीसे होतात, आणि टॅलीसारखी हिशेबाची प्रणाली दोन-तीन यंत्रांवर मिळून चालविणाऱ्या दुकानात दुसऱ्या दिवशी सकाळी ब्राउझरचा इशारा थांबलेला असतो खरा, पण मागल्या टेबलावरच्या यंत्राला हिशेबाची कंपनी सापडत नसते आणि सामायिक प्रिंटर रुसलेला असतो. एका यंत्रावर दोन फायरवॉल एकाच वेळी चालू ठेवणे हेही वारंवार इशाऱ्यांचे एक कारण होय. एकीने दिलेली मुभा दुसरीस ठाऊक नसते.

येथवर आत येणाऱ्याचा विचार झाला. बाहेर जाणाऱ्यासही हटकणाऱ्या फायरवॉल असतात, आणि त्यांच्या चौकटींत बाहेरच्या यंत्राचा पोर्ट आणि पत्ता दिलेला असतो. तेथे ८० व ४४३ हे वेबपानांचे आणि ५३ हा नावावरून पत्ता शोधण्याचा, हे तीन आकडे ब्राउझरच्या बाबतीत निर्धास्तपणे स्वाभाविक समजावेत. ४४३ च्या पुढे टीसीपीऐवजी यूडीपी असे लिहिलेले पाहून जुन्या जाणकारांनाही शंका येते. पण क्विक नावाची नवी वाहतूक-पद्धती, जिचा मसुदा मे २०२१ मध्ये प्रमाण म्हणून मान्य झाला, ती यूडीपीवरच चालते, आणि मोठी संकेतस्थळे तिचा सर्रास वापर करतात. ती अडविली तर ब्राउझर मुकाट्याने जुन्या पद्धतीकडे वळतो. १२७.०.०.१ हा पत्ता दिसल्यास तो बाहेरचा नव्हेच. यंत्राने स्वतःशीच बोलण्याचा तो पत्ता आहे, आणि फायरफॉक्स विंडोजवर आपल्या अंतर्गत कामासाठी अशी स्वतःशी जोडणी दीर्घकाळ करीत आला आहे. मात्र या पत्त्याविषयी इशारा विशिष्ट संकेतस्थळ उघडल्यावरच येत असेल, तर प्रकरण थोडे निराळे असते. मे २०२० मध्ये असे उघडकीस आले की ईबेच्या संकेतस्थळावरील एक स्क्रिप्ट, भेट देणाऱ्याच्या विंडोज यंत्रावर दूरनियंत्रणाचे प्रोग्राम चालू आहेत काय हे पाहण्यासाठी, ब्राउझरच्या आतूनच ३३८९, ५९०० असे पोर्ट ठोठावून पाहत होती. हेतू फसवणूक ओळखण्याचा होता, असे मानले गेले. तरीही पाहुण्याने दिवाणखान्यात बसून आतल्या खोल्यांची दारे हलवून पाहावीत हे सभ्यपणाचे नव्हे. २०२५ पासून क्रोम अशा ठोठावण्याआधी स्वतःच परवानगी विचारू लागला आहे, आणि ज्या संकेतस्थळाला तिची गरज समजत नाही त्यास ती नाकारणेच इष्ट.

'अमुक प्रोग्राम क्रोमच्या द्वारे इंटरनेटवर जाऊ इच्छितो' अशा आशयाची चौकट मात्र बारकाईने वाचावी. तेथे मागणी करणारा ब्राउझर नसून त्याच्या आडून बोलणारा दुसराच कोणी असतो. तो पत्रव्यवहाराचा प्रोग्राम असेल आणि आपण नुकताच पत्रातील दुवा दाबला असेल, तर खुलासा झाला. नाव अनोळखी असेल आणि आपण काहीच केले नसेल, तर नकार देऊन तपास सुरू करावा.

आणखी एका जातीचे इशारे लोकांना विनाकारण घाबरवितात. फायरवॉलच्या किंवा राउटरच्या नोंदवहीत असे दिसते की कोणत्या तरी बाहेरच्या यंत्राने ४४३ किंवा ८० या पोर्टावरून आपल्या पन्नास हजारांच्या घरातील एखाद्या पोर्टावर येण्याचा यत्न केला व तो अडविण्यात आला, आणि अशा नोंदी एकामागून एक दहा-वीस. काही फायरवॉल याला 'पोर्ट स्कॅन' म्हणजे चढाईपूर्वीची टेहळणी असे भयंकर नाव देतात. वस्तुतः येथे चढाई कोणाचीच नसते. विंडोज बाहेर जाणाऱ्या जोडणीस ४९१५२ ते ६५५३५ यांतला एखादा तात्पुरता पोर्ट देते. आपण पान अर्धवट असतानाच बंद केले की ब्राउझर जोडणी मिटवितो, फायरवॉल तिची नोंद काढून टाकते, आणि पलीकडच्या यंत्राने आधीच धाडलेले उरलेसुरले किंवा निरोपाचे पाकीट मागाहून येऊन पोहोचते. नोंद नसल्यामुळे ते आगंतुक ठरते. उगमाचा पोर्ट ४४३ किंवा ८०, आणि गंतव्य पोर्ट या वरच्या टप्प्यातला, अशी जोडी दिसली तर बहुधा आपणच काही क्षणांपूर्वी त्या यंत्राकडे गेलो होतो असे समजावे. ५३ वरून आलेला उशिराचा जबाबही त्याच कुळातला. अशा नोंदींची चौकट दाखविणे बंद करावे. त्यांना मुभा देण्याचा नियम मात्र करू नये, कारण त्या अडविल्या गेल्याने काहीही बिघडत नाही.

खरा संशय कोठे घ्यावा, हेही सांगितले पाहिजे. चौकटीत ब्राउझरचे नाव व चित्र ओळखीचे असले तरी मार्ग वाचावा. 'टेम्प' किंवा 'डाउनलोड्स' या फोल्डरांतून चालणारा, नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे झालेला 'क्रोम' हा क्रोम नव्हे. 'ॲपडेटा' पाहून एकदम निर्णय करू नये, कारण वर सांगितल्याप्रमाणे खरा ब्राउझरही तेथे असू शकतो. निर्णायक पुरावा फाइलच्या स्वाक्षरीचा: फाइलवर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज'मधील 'डिजिटल सिग्नेचर्स' हे पान उघडावे; तेथे क्रोमसाठी गूगल एलएलसी, फायरफॉक्ससाठी मोझिला कॉर्पोरेशन आणि एजसाठी मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन हे नाव असावयास हवे. ते पानच नसेल तर खात्रीने काही तरी खोटे आहे. स्वाक्षरी खरी असूनही ब्राउझर विचित्र पत्त्यांकडे अहोरात्र धाव घेत असेल, तर नजर एक्स्टेन्शनांकडे वळवावी, कारण त्यांची सारी ये-जा फायरवॉलला ब्राउझरच्याच नावे दिसते. ती सर्व बंद करावीत, इशारे थांबतात काय हे पाहावे, आणि मग एकेक सुरू करीत दोषी गाठावे. ब्राउझर बंद केल्यावरही चौकट येते म्हणून लगेच भिऊ नये; क्रोममध्ये खिडकी मिटल्यावरही पार्श्वभूमीत चालू राहण्याची मुभा असते, ती 'सिस्टिम' या सदरात काढून घेता येते.

आता त्या इशाऱ्यांविषयी, जे फायरवॉलचे नसतातच. पडदा एकाएकी लाल-निळा व्हावा, भोंगा वाजावा, 'फायरवॉलने आपले यंत्र बंद केले आहे, तत्काळ या क्रमांकावर दूरध्वनी करा' अशी आज्ञा यावी, हा प्रकार म्हणजे केवळ एक वेबपान असते. ओळखण्याची खूण एकच पुरेशी आहे: मायक्रोसॉफ्टने जाहीरपणे सांगितले आहे की तिच्या खऱ्या इशाऱ्यात दूरध्वनी क्रमांक कधीही नसतो. दुसरी परीक्षा अशी की ब्राउझरची खिडकी खाली मिटविली असता खोटा इशारा तिच्याबरोबर नाहीसा होतो, आणि खरा पडद्यावर राहतो. पानाने सारा पडदा व्यापला असेल तर 'एस्केप' कळ काही क्षण दाबून धरावी. तेवढ्याने न सुटल्यास कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद पाडावा, आणि पुन्हा उघडताना 'आधीची पाने परत आणू काय' या विचारणेस नाही म्हणावे. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात दिवसभर सरकत येणाऱ्या 'विषाणू सापडला' या पट्ट्या बहुधा कोणत्या तरी संकेतस्थळाला अनवधानाने दिलेल्या सूचनाधिकाराचे फळ असतात. ब्राउझरच्या 'साइट सेटिंग्ज'मधील 'नोटिफिकेशन्स' या यादीतून ते नाव काढले की पट्ट्या थांबतात. दूरध्वनी करून झाला असेल आणि पलीकडच्या इसमाच्या सांगण्यावरून दूरनियंत्रणाचा प्रोग्राम उतरविला गेला असेल, तर प्रथम इंटरनेट तोडावे, बँकेचे परवलीचे शब्द दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत, आणि पैसे गेले असल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर वर्दी द्यावी. पैसा पुढच्या खात्यांत वळविला जाण्याआधी तो गोठविण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

इतके करूनही इशारा येतच राहिला, तर अंदाज पुरे करून पुरावा जमवावा. 'रिसोर्स मॉनिटर'च्या 'नेटवर्क' पानावर 'लिसनिंग पोर्ट्स' या मथळ्याखाली कोणता प्रोग्राम कोणत्या पोर्टवर कान लावून बसला आहे आणि फायरवॉलची त्यास मुभा आहे की नाही, हे एका ओळीत दिसते. ब्राउझर उघडण्याआधी व उघडल्यानंतर ही यादी पाहिली की नवी ओळ आपोआप नजरेत भरते. विंडोज फायरवॉलला स्वतःची नोंदवहीही आहे, पण ती मुळात बंद असते. 'डब्ल्यूएफ डॉट एमएससी'च्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जाळ्याच्या ज्या सदराखाली इशारे येतात त्या सदराची 'लॉगिंग' ही जागा उघडून, अडविलेल्या पाकिटांची नोंद ठेवण्यास सांगावे. तिची मर्यादा ४०९६ किलोबाइट ठेवलेली असते, तेवढी पुरते. ज्यांचे यंत्र कचेरीचे आहे व ज्यांस प्रशासकाचा अधिकार नाही, त्यांनी फाइलचा पूर्ण मार्ग, पोर्ट, टीसीपी की यूडीपी, दिशा आणि वेळ एवढ्या पाच गोष्टी टिपून यंत्रविभागाकडे द्याव्यात. 'सारखा मेसेज येतो' एवढ्या कैफियतीवर तेथे काहीही करता येत नाही, उलट या पाच गोष्टी हाती असल्या तर एक नियम सर्व यंत्रांवर एकदाच लागू करून प्रकरण निकालात काढता येते, किंवा टीव्हीवर चित्र धाडण्याची ब्राउझरची सोयच धोरणाने बंद करता येते. कारण सापडले की नोंदवही पुन्हा बंद करण्यास हरकत नाही.